स्वस्तात मिळालेली गिटार

ख्रिस्ती घरात गिटार ही नवलाची वस्तू नाही. नाताळची गाणी असोत, युवकांचे शिबिर असो की रविवारची मिस्सा, गिटार असतेच. आम्ही धर्मग्रामातील चार-पाच जण मात्र इलेक्ट्रिक गिटारच्या नादी लागलो आहोत. आमच्यापैकी कोणी कलावंत नाही. नोकरी, दुकान, शेती सांभाळून संध्याकाळी तासभर वाजवणारी आम्ही माणसे. नवी गिटार परवडत नाही, म्हणून जुनी घ्यायची, दुरुस्त करायची, काही दिवस वाजवायची आणि विकून दुसरी घ्यायची, असा हा छंद. त्यातून एक प्रश्न आमच्यासमोर उभा राहिला. तो केवळ गिटारपुरता नाही, म्हणून वाचकांपुढे ठेवत आहोत.

काही वर्षांपूर्वी जून महिन्यात पांढरकवड्याच्या बाजूला एका शेतकऱ्याकडे इलेक्ट्रिक गिटार विकायची आहे असे कळले. मुलगा कामासाठी पुण्याला गेलेला, गिटार खुंटीला टांगलेली. पाहताच आम्ही एकमेकांकडे बघितले. नागपुरात ती सहज बारा हजारांना गेली असती. काकांनी तीन हजार सांगितले आणि म्हणाले, “मले त्यातलं काय समजते भाऊ, तुमाले समजन ते द्या.” आम्ही झिजलेले फ्रेट दाखवले, गंजलेल्या तारा दाखवल्या आणि अडीच हजारांत सौदा केला. पेरणी तोंडावर आली होती, बियाण्याला पैसे हवे होते, हे त्यांनी लपवले नव्हते. परतीच्या वाटेवर आम्ही मोठ्या खुशीत होतो.

आम्ही खोटे बोललो नव्हतो. किंमत त्यांनीच सांगितली होती. फ्रेटही खरोखरच झिजलेले होते. मग यात चूक ती कोणती?

आपल्या यवतमाळ जिल्ह्याला हा प्रश्न परका नाही. घरात कापूस ठेवायला जागा नसते, देणेकरी दारात उभा असतो. अशा वेळी खरेदीदार भाव पाडतो, तेव्हा आपण त्याला लूट म्हणतो. तोही खोटे बोलत नाही. त्याला बाजार ठाऊक असतो आणि घाई नसते, एवढेच. त्या दिवशी आम्हालाही बाजार ठाऊक होता आणि घाई नव्हती. कापसाच्या बाबतीत ज्याला आपण लूट म्हणतो, त्यालाच आम्ही गिटारच्या बाबतीत नशीब म्हणालो.

संत थॉमस अक्विनास यांनी तेराव्या शतकात ‘सुम्मा थिओलॉजिए’ या ग्रंथात खरेदी-विक्रीतील न्यायाचा विचार केला आहे. योग्य किंमत सुईच्या टोकाएवढी नेमकी नसते, थोडे कमी-अधिक झाल्याने न्याय मोडत नाही, हे ते मान्य करतात. आपल्याला जिव्हाळ्याची असलेली वस्तू देताना विकणाऱ्याने थोडे जास्त घेतले तरी चालेल, असेही सांगतात. परंतु घेणाऱ्याला गरज आहे म्हणून किंमत वाढवणे त्यांना मान्य नाही, कारण ती गरज विकणाऱ्याची नाही आणि जे आपले नाही ते विकता येत नाही. हाच न्याय उलट लावून पाहावा. काकांची जूनमधली अडचण आमची नव्हती, तरी तिचा फायदा आम्ही खिशात घातला. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथातही (क्रमांक २४०९) दुसऱ्याच्या अज्ञानाचा किंवा अडचणीचा फायदा घेऊन भावाशी खेळणे हा सातव्या आज्ञेचा भंग मानला आहे.

संत ऑगस्टीन यांनी एका माणसाची हकिकत सांगितली आहे. त्याच्याकडे एक हस्तलिखित विकायला आले. विकणाऱ्याला त्याचे मोल ठाऊक नव्हते, त्याने फारच थोडे पैसे मागितले. या माणसाने न मागता पूर्ण किंमत दिली. आमच्या सौद्याशी ही गोष्ट इतकी जुळत होती की पळवाट उरली नाही.

आम्ही हिशेब मांडला. दुरुस्तीचा खर्च, जाण्यायेण्याचे भाडे, आमच्या जाणकारीचे थोडे मोल हे सगळे वजा करून आठ हजार रास्त ठरले. म्हणजे साडेपाच हजार देणे निघाले. जक्कयाकडे प्रभूने हिशेब मागितला नव्हता. प्रभू घरी आला आणि हिशेब त्यानेच काढला, हे तेव्हा नव्याने उमगले. आम्ही गेलो तोवर ऑक्टोबर उजाडला होता. काकांनी पैसे मोजून घेतले, चहा दिला आणि शांतपणे म्हणाले, “हे जूनमंदी भेटले असते तं उधारी लागली नसती.” रक्कम परत करता आली, पण वेळ परत करता आली नाही.

तेव्हापासून आम्ही काही नियम पाळतो. घेताना विकणाऱ्याला बाजारभाव आधी सांगायचा, मग आपली किंमत बोलायची. विकताना दोष आपणहून सांगायचा. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, गिटारचे लाकूड आकसते आणि फ्रेटची टोके बोटांना टोचू लागतात. पावसाळ्यात लाकूड पुन्हा फुगते आणि टोके लपतात. जुलैत विकले तर घेणाऱ्याला कळणारही नाही. न कळणारा दोष सांगावाच लागतो, कारण दिसणारा दोष तो स्वतः पाहून घेतो.

राहिला प्रश्न ठेवण्याचा. छंदासाठी वस्तू बाळगणे पाप नाही. रोज वाजणारी गिटार घराला आनंद देते. पण पेटीत पडून तारा गंजवणारी तिसरी-चौथी गिटार कोणासाठी? डेव्हिड गिलमोर या जगप्रसिद्ध वादकाने २०१९ साली आपल्या शंभराहून अधिक गिटार लिलावात विकल्या आणि आलेले दोन कोटी डॉलरहून अधिक पैसे पर्यावरण रक्षणासाठी दिले. आमच्या दोन-चार गिटारचा लिलाव कोण करणार? तरी एका ईस्टरपासून दुसऱ्या ईस्टरपर्यंत जी वाजली नाही, ती गायकवृंदात शिकणाऱ्या मुलाला द्यायची, असे ठरवले आहे. हा नियम अजून सर्वांना जमलेला नाही, हेही कबूल करतो.

काकांची ती गिटार आम्ही विकलेली नाही. आमच्यापैकी एकाच्या घरी ती आहे आणि रोज वाजते. पुण्याचा मुलगा परत आला आणि त्याला हवी असली, तर दिलेल्या किमतीतच त्याला द्यायची, असे काकांना सांगून ठेवले आहे. प्रिय वाचकहो, तुमच्याही घरात स्वस्तात मिळालेली एखादी वस्तू असेल. ती कोणाच्या अडचणीतून आली, हे एकदा आठवून पाहावे. देणे निघाले, तर जूनमध्येच द्यावे. ऑक्टोबरची वाट पाहू नये.