हजेरी आणि लक्ष

अमेरिकेत २०१६ साली ‘ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी क्युअर्स अ‍ॅक्ट’ मंजूर झाला. मेडिकेड या सरकारी योजनेच्या पैशातून घरी शुश्रूषेला जाणारी नर्स किंवा मदतनीस, यांच्या प्रत्येक भेटीची इलेक्ट्रॉनिक नोंद त्याने बंधनकारक केली. सेवा कोणती, कोणाला, कोणी दिली, तारीख, ठिकाण, सुरू-संपल्याची वेळ, असे सहा रकाने. ठिकाणासाठी बरेचदा फोनमधलं जीपीएस वापरतात.

मी प्रोग्रामर आहे. असे फॉर्म बनवणं हे माझं काम. या फॉर्ममागचं कारण खोटं नाही. न झालेल्या भेटींची बिलं लावली जातात, आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या खोलीत साक्षीदार नसतो. ‘विश्वास ठेवा, नोंदी कशाला?’ असं म्हणणं सोपं आहे. तो विश्वास चुकला तर भोगायचं रुग्णाने.

पण या सहा रकान्यांतून हजेरी कळते, लक्ष कळत नाही. टाचेवरची कातडी लाल व्हायला लागली आहे, आजोबा कालपासून पाणी कमी पितायत, हे त्यात बसत नाही. ते वेगळं लिहावं लागतं. बिल मात्र या सहांवाचून अडू शकतं. शिवाय नर्सचं ठिकाण टिपताना रुग्ण कुठे आहे हेही टिपलं जातं. तो तर कोणाचा नोकरही नाही.

नेदरलँड्समध्ये योस द ब्लोक यांनी २००६ साली ‘ब्यूर्टझॉर्ग’ ही संस्था सुरू केली. ते स्वतः नर्स होते. तिथे जास्तीत जास्त १२ जणांचा गट आपलं काम आपणच ठरवतो, वर मॅनेजर नाही. सॉफ्टवेअर तिथेही आहे, तासही नोंदवले जातात. पण त्याच सॉफ्टवेअरवर नर्स आपसात वेळापत्रक लावतात, अडलेलं एकमेकांना विचारतात.

म्हणजे प्रश्न फोन असावा की नसावा हा नाहीच. नर्स त्यातून कोणाला उत्तर देते, हा आहे. पैसे देणारा विचारतो, ‘तू खरंच गेली होतीस ना?’ उद्या त्याच दारात उभी राहणारी नर्स विचारते, ‘तुला काय दिसलं?’ पहिला प्रश्न रास्त आहे. पण दिवसभर तोच विचारला गेला, तर माणूस पुरावा गोळा करायला शिकतो, बघायला नाही.

आपल्याकडे ब्यूरोच्या सिस्टरकडून रोज आईचा फोटो मागवणारी परदेशातली मुलंही पहिलाच प्रश्न विचारत असतात. काळजीपोटीच. त्यांनी कधी दुसराही विचारून बघावा. आणि फॉर्म बनवणाऱ्या आम्ही त्या उत्तराला निदान जागा ठेवावी.