छाटणी आणि गारपीट



संत योहानाच्या शुभवर्तमानाच्या 15 व्या अध्यायात प्रभू येशू स्वतःला खरा द्राक्षवेल आणि पित्याला माळी म्हणतो. फळ देणाऱ्या फाट्याला अधिक फळ यावे म्हणून माळी त्याची छाटणी करतो, असेही तो सांगतो. पुनरुत्थानकाळातील हे वाचन दर तीन वर्षांनी एप्रिल-मेच्या सुमारास मिस्सामध्ये येते. आपल्याकडे बागांची खरड छाटणी होते तीही त्याच दिवसांत. म्हणूनच हा दाखला आपल्या नाशिककरांना फार समजावून सांगावा लागत नाही.

निफाड-दिंडोरीकडची बाग एप्रिलमध्ये पाहावी. सगळा हिरवा विस्तार उतरवलेला, नुसते ओलांडे उरलेले. नवख्या माणसाला वाटेल, बाग संपली. पण त्यानंतर फुटणाऱ्या काडीच्या डोळ्यात, त्या उन्हाळ्यातच, पुढच्या घडाची घडण सुरू होते. बाहेरून काही दिसत नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर घड बाहेर पडतो, तेव्हा कळते.

आपल्या श्रद्धेचेही असेच आहे. संकटातून धीर, धीरातून शील आणि शीलातून आशा निर्माण होते, असे संत पौल रोमकरांस लिहितो (5:3-4). हे काम वेळ घेते आणि दुःख चालू असताना ते आपल्याला जाणवतही नाही.

मात्र एक गोष्ट आपण नीट लक्षात घेतली पाहिजे. प्रत्येक आपत्ती ही छाटणी नसते. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये जिल्ह्यात गारपीट झाली आणि काढणीला आलेल्या बागा आडव्या झाल्या. त्या गारा माळ्याच्या कात्रीतून आल्या नव्हत्या. जन्मांध माणसाला पाहून, पाप कोणाचे, असे शिष्यांनी विचारले, तेव्हा प्रभूने ना त्याला दोष दिला, ना त्याच्या आईवडिलांना (योहान 9:3). म्हणून घरात मूल गेलेल्या आईला किंवा कर्जाखाली दबलेल्या शेतकऱ्याला, ‘देवाने तुमची परीक्षा पाहिली’ असे आपण सहज म्हणू नये. गारपिटीनंतर माळी बाग सोडून जात नाही, मोडलेला वेल तो पुन्हा उभा करतो, एवढे मात्र आपण विश्वासाने सांगू शकतो.

आपल्याच मातीतील लक्ष्मीबाई टिळकांचे जीवन आठवू या. त्या कॅथलिक नव्हत्या, पण त्यांची साक्ष आपल्या सर्वांची आहे. 1868 साली नाशिकजवळच्या जलालपूरला, कडक सोवळ्याच्या घरात त्यांचा जन्म झाला. 1895 मध्ये पती नारायण वामन टिळक यांनी बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंचा संसार मोडला. लहान मुलाला घेऊन काही वर्षे त्या पतीपासून दूर राहिल्या. हे दुःख त्यांनी मागितले नव्हते. पण त्याच वर्षांत त्यांच्या मनातला जातीभेद हळूहळू गळून पडला, आणि 1900 साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. 1919 मध्ये टिळक वारले, तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. फारसे शालेय शिक्षण नसलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पूर्ण केले. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ वाचताना हसू येते, आणि कोणाविषयी कडवटपणा जाणवत नाही. हेच ते फळ!

फाट्याला स्वतःच्या बळावर फळ आणता येत नाही. त्याने वेलात राहायचे असते. संकटाच्या दिवसांत प्रार्थनेला शब्द सुचत नसतील, तर रोझरीची माळ नुसती हातात धरून बसू या. मिस्साला मन लागत नसेल, तरी येऊन मागच्या बाकावर बसू या. आणि आपल्या धर्मग्रामात ज्या घरी आज दुःख आहे, तिथे या आठवड्यात उपदेश न नेता जेवणाचा डबा नेऊ या, घटकाभर सोबत करू या. माळ्याचे हात त्यांना आपल्यातूनच दिसतील.

हे प्रभू, उन्हाळा लांबला तरी आम्हांला तुझ्यात राहू दे. आमेन.