कलम 20 कोणी मागायचे?

ज्येष्ठांसाठीचा कायदा म्हटला की बहुतेकांना आठवते ती मुलावर ठोकलेली केस. 2007च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ व कल्याण अधिनियमाने ती वाट सोपी केली. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांकडे (एसडीओ), निकालाला साधारण 90 दिवस, निर्वाहभत्ता महिन्याला कमाल 10 हजार रुपये. या निर्वाहात औषधोपचारही धरलेले आहेत. मात्र हाच कायदा कलम 20मध्ये शासनालाही बांधून घेतो. सरकारी दवाखान्यांत ज्येष्ठांना खाटा, वेगळी रांग, जुनाट आजारांवरील उपचारांची वाढीव सोय आणि प्रत्येक जिल्हा रुग्णालयात वार्धक्यातल्या आजारांचा अनुभव असलेल्या डॉक्टरच्या हाताखाली राखीव व्यवस्था, हे सारे त्यात लिहिलेले आहे. मुलगा चुकला तर दाद कुठे मागायची हे कायदा सांगतो. शासन चुकले तर काय, याबद्दल तो गप्प आहे.

वऱ्हाडात ही उणीव जास्त बोचते. 2006 साली पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केले, त्यांत अमरावती आणि अकोलाही होते. कर्ता मुलगाच कर्जापायी गेला, त्या घरातल्या मायने दावा कुणावर ठोकायचा? या कायद्यातल्या अपत्यांच्या व्याख्येत सून येत नाही, अज्ञान नातवंडेही येत नाहीत. मुलगा हयात असला तरी कपाशीच्या भावाकडे डोळे लावून बसलेल्या माणसाकडून आईच्या गोळ्यांचे पैसे वसूल करायचे, म्हणजे एका गरिबाचे ओझे दुसऱ्या गरिबाच्या डोक्यावर द्यायचे.

यावर सरकारी योजनांकडे बोट दाखवले जाते. योजना आहेतही. 2012च्या जुलैत जीवनदायी योजनेचा पहिला टप्पा सुरू झाला, तेव्हा निवडलेल्या जिल्ह्यांत अमरावती होता. ऑगस्ट 2023पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले. 2024मध्ये सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न न पाहता, आयुष्मान भारतचे 5 लाखांचे कवच मिळाले. पण हे कवच मुख्यतः भरती झालेल्या रुग्णासाठी आहे. बीपी, शुगर, गुडघे, कमी होत जाणारी ऐकू येण्याची शक्ती, विसरभोळेपणा, हे म्हातारपणाचे खरे दुखणे ओपीडीतले आणि रोजच्या गोळीचे आहे. धारणीच्या माणसाला त्यासाठी मेळघाटचा घाट उतरून अमरावतीच्या इर्विन रुग्णालयात यावे लागले, रांगेत ताटकळावे लागले आणि शेवटी ‘नागपूरले घेऊन जा’ हेच ऐकावे लागले, तर खिशातल्या कार्डाचा उपयोग काय? शिवाय योजना सरकार देते आणि सरकार बदलते. हक्काचे तसे नसते.

डॉक्टरच नाहीत, तिथे कोर्ट काय करणार, हा आक्षेप खरा आहे, पण अर्धाच. कलम 20मध्ये ‘शक्य तेथवर’ ही सवलत फक्त खाटांपुरती आहे. वेगळ्या रांगेला आणि जिल्हा रुग्णालयातल्या राखीव सोयीला ती नाही. रांग लावायला तर नवा डॉक्टरही लागत नाही. डिसेंबर 2018मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॉ. अश्वनी कुमार यांच्या याचिकेत ज्येष्ठांचा आरोग्याचा हक्क मान्य केला आणि प्रत्येक जिल्ह्यात त्यांच्यासाठी कोणत्या वैद्यकीय सोयी आहेत, याची माहिती राज्यांकडून घेण्यास केंद्राला सांगितले.

म्हणून वकिलीचा रोख बदलायला हवा. एसडीओंसमोर वकिलाने उभे राहू नये, असे कायदा कलम 17मध्ये म्हणतो. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचे दार मात्र त्याने बंद केलेले नाही. मेळघाटातल्या कुपोषणावरच्या जनहित याचिकांमुळे उच्च न्यायालय वर्षानुवर्षे शासनाला जाब विचारत आले आहे. तीच वाट म्हाताऱ्यांसाठीही खुली आहे. शिवाय मुलाविरुद्ध अर्ज करताना आईचा हात थरथरतो. दवाखान्याकडे हक्क मागताना कोणतेही घर फुटत नाही.

अमरावती आणि अकोल्याच्या वकील संघांनी सुरुवात साध्या माहिती अधिकाराच्या अर्जाने करावी. इर्विनमध्ये आणि अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात ज्येष्ठांसाठी खाटा किती, वेगळी रांग आहे का, जबाबदार डॉक्टर कोण, हे लेखी मागावे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांनी ज्येष्ठांसाठीच्या 2016च्या योजनेचा आधार घेऊन आपले स्वयंसेवक ओपीडीच्या दाराशी बसवावेत. उत्तरे समाधानकारक नसतील तर जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि तिथेही दाद लागली नाही तर खंडपीठाकडे जावे. कायदा होऊन पंधरा वर्षे केव्हाच उलटली. आता तो मागणारे हवेत.