गंज आणि तेल
(मनन: मत्तय 6:19, 12:43-45)

दसरा-दिवाळी झाली की पाटोदा, आष्टी, धारूर या तालुक्यांतील गावे ओस पडू लागतात. मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे ऊसतोडीस कोल्हापूर, सांगली, बेळगावकडे जातात, आणि घरच्या पडवीत मोटारसायकल पाच-सहा महिने उभी राहते. परत येऊन पाहावे तो इंजिन जाम! हप्ते मात्र चालूच.

आपला जिल्हा अवर्षणाचा. मग हे पाणी आले कोठून, असे पुष्कळ जण आम्हांस विचारतात. ते हवेतूनच येते. रात्री लोखंड थंड होते व हवेतील बाष्प त्यावर दवासारखे धरते. उघड्या राहिलेल्या झडपेवाटे ही हवा थेट सिलिंडरात शिरते. जुन्या काळ्या तेलात जळणाचे आम्ल व पाणी आधीच मुरलेले असते. म्हणून गाडी ठेवण्यापूर्वी तेल बदलावे. प्लग काढून त्या छिद्रातून चमचाभर स्वच्छ इंजिन तेल सोडावे, किक हळूहळू दाबून ते आत फिरवावे व प्लग परत बसवावा. कार्ब्युरेटर असल्यास त्यातील पेट्रोल काढून टाकावे. आजच्या पेट्रोलात इथेनॉल असते व ते ओल ओढून घेते. (आपण तोडलेल्या उसापासूनही ते बनते, हे ध्यानात आले म्हणजे मन विचारात पडते.) सुटे भाग डिझेलने धुऊन, पुसून, ग्रीस लावून तेलकट फडक्यात गुंडाळावेत.

मत्तयाच्या सहाव्या अध्यायात आपण ‘जंग’ असे वाचतो, त्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘खाणे’ असा आहे. गंज खरोखर खातोच. खड्डे पडलेला सिलिंडर घासून पूर्ववत होत नाही, तो बोअर करावा लागतो. हलका गंज मात्र निघतो. लोखंडी भाग रात्रभर व्हिनेगरात बुडवावा, पितळी ब्रशाने घासावा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावा. ॲल्युमिनियमचे भाग त्यात घालू नयेत. येथे पुष्कळ लोक फसतात. भाग लखलखीत झाला म्हणून तो तसाच ओला ठेवून जेवावयास जातात, आणि येऊन पाहतात तो पुन्हा तांबूस छटा! नुकतेच उघडे पडलेले लोखंड फार लवकर गंजते. कोरडे पुसताक्षणी त्यास तेल लागले पाहिजे.

प्रभूने सांगितलेली, स्वच्छ केलेल्या पण मोकळ्या राहिलेल्या घराची गोष्ट हीच नव्हे काय? दारू सोडलेल्या बंधूबद्दल आपण उपासनेत उपकारस्तुती करतो, आणि त्याच आठवड्यात त्याला टोळीबरोबर एकटा पाठवितो. तेथे पहाटेच्या काळोखात तोड सुरू होते. कोपीत रविवार व सोमवार यांत भेद उरत नाही. थकल्या अंगास बाटली हाताशी असते. घर झाडून देणे एवढेच आपले काम होते काय? तेल कोण लावणार?

उपदेशक बंधूंनो, जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबास निघण्यापूर्वी भेटावे. शनिवारी रात्री फोनवर एक अध्याय वाचून दाखवावा व प्रार्थना करावी. अक्षरओळख नसलेल्यांस तर याची अधिक गरज आहे. ज्या कारखान्यावर ते जाणार, त्याच्या जवळच्या मंडळीच्या पाळकांस त्यांची नावे कळवावी. टोळ्या निघण्यास थोडेच दिवस उरले आहेत. ही यादी येत्या रविवारी उपासना संपताच, लोक उठण्यापूर्वी, लिहून घ्यावी.