एक नोव्हेंबर आणि बीडचा कोयता

एक नोव्हेंबरला कर्नाटकात कन्नड राज्योत्सव असतो. शाळांवर, रिक्षांवर पिवळा-लाल झेंडा लागतो, भुवनेश्वरी देवीची मिरवणूक निघते. त्याच दिवशी बेळगावातली मराठी माणसं काळा दिवस पाळतात. आपल्याकडची चर्चा या दोन चित्रांपाशीच थांबते. बीडचा या तारखेशी काय संबंध, हा प्रश्नही कुणाला पडत नाही.

संबंध आहे, आणि जवळचा आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य मोडलं. तोवर बीड, बिदर, गुलबर्गा, रायचूर एकाच राज्यात होते. बिदर, गुलबर्गा आणि रायचूर म्हैसूर राज्यात गेले आणि बीडसह मराठवाड्याचे पाच जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. म्हैसूरचं कर्नाटक झालं तेही १९७३ साली, याच तारखेला. आपण १७ सप्टेंबर पाळतो, १ मे पाळतो. ही तारीख मात्र विसरलो.

या विभाजनाची मागणी करणारे हैदराबाद मुक्तिलढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ एकेकाळी अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत शिकवत. ते मूळचे व्यंकटेश खेडगीकर, जन्म विजापूरकडच्या सिंदगीचा. निजामाचा कारभार उर्दूत, उस्मानिया विद्यापीठ उर्दूत, आणि मराठी, कन्नड, तेलुगू बोलणारी रयत दुसऱ्याकडून अर्ज लिहून घेणारी. संस्थान मुक्त झाल्यावर हैदराबादचं भाषावार विभाजन व्हावं, हा आग्रह स्वामीजींनी धरला. कानडी मुलखात जन्मून मराठवाड्याचं नेतृत्व करणाऱ्या या माणसाला भाषिक राज्य हवं होतं, ते शेजाऱ्याच्या द्वेषापोटी खचितच नव्हे. गरिबाच्या पोराला त्याच्या भाषेत शाळा मिळावी, त्याच्या आईला सरकारी कागद वाचता यावा, हाच त्या मागणीचा गाभा मी मानतो.

आता ही मागणी बीडच्या ऊसतोड्याच्या संदर्भात तपासून पाहा. दिवाळीच्या आगेमागे धारूर, वडवणी, केज, शिरूर कासारच्या वाड्या-वस्त्या ओस पडू लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ज्वारी-बाजरीची पोती, ताडपत्री, चूल, कोंबड्या, आणि वर बसलेली पोरं. काही टोळ्या कोल्हापूर-सांगलीला थांबतात, काही पुढे बेळगाव, बागलकोटकडे जातात. राज्योत्सवाच्या पताका उतरायच्या आत उसाच्या फडाशेजारी कोप्या उभ्या राहतात. आई-बाप पहाटेच्या अंधारात फडात जातात, मोळ्या बांधतात, आणि शाळेत असायला हवी ती आठ-नऊ वर्षांची मुलगी कोपीत धाकट्याला सांभाळते. गावची मराठी शाळा मागे राहिली. सीमेपलीकडच्या फडाजवळची शाळा बहुधा कन्नड, आणि मुक्काम फक्त हंगामापुरता. दोन भाषांची दोन राज्यं झाली, तिच्या वाट्याला एकाही भाषेतली शाळा आली नाही.

बीडमध्ये हंगामी वसतिगृहांची योजना आहे, आणि ती मोलाची आहे. पण ज्या घरात मागे सांभाळायला म्हातारी माणसं नाहीत, तिथली आई धाकट्यांना सोबत नेणारच. लेकीची काळजी असेल तर तिलाही नेणार.

भक्तीच्या वाटेवर दोन्हीकडच्या माणसांना सीमा कधी नडली नाही. कार्तिकी पौर्णिमेला बीडजवळच्या कपिलधारला संत मन्मथस्वामींच्या समाधीला कर्नाटकातले भाविकही येतात. बसवण्णांच्या परंपरेतल्या या संताने ग्रंथ मराठीत लिहिले, आणि त्याचं कुणाला वावगं वाटत नाही. अडतं ते सरकारी खात्यांपाशी.

म्हणून माझी मागणी साधी आहे. नोव्हेंबर ते मार्च महाराष्ट्राने बीडचे शिक्षक टोळ्यांसोबत सीमेपलीकडे पाठवावेत. कारखान्याने एक खोली द्यावी. कर्नाटकाने त्या वर्गाला मान्यता द्यावी, आणि तिथली हजेरी बीडच्या शाळेच्या पटावर धरली जावी. दोन शिक्षणमंत्र्यांनी एका बैठकीत ठरवावं, एवढंच हे काम आहे, आणि येत्या एक नोव्हेंबरच्या आत ते होऊ शकतं.