विक्रेत्याचे मौन

जी वस्तू विकत घेणाऱ्यास उघडून पाहता येत नाही आणि जिच्या पोटातील दोष बनविणाऱ्यास ठाऊक आहे, निदान ठाऊक होण्यासारखा आहे, त्या वस्तूच्या विक्रीत विक्रेत्याने बोलावे किती आणि गप्प राहावे किती, हा प्रश्न व्यापाराइतकाच पुरातन आहे. परंतु तो केवळ व्यापाराचा प्रश्न म्हणून वकिलांच्या हवाली करून मोकळे होण्याची जी रीत पडली आहे ती मला मान्य नाही, कारण त्याच्या मुळाशी सत्याचा प्रश्न आहे आणि सत्याचा प्रश्न हा धर्माचा प्रश्न आहे. त्याचा विचार मी येथे पोर्शे या जर्मन कारखान्याच्या स्पोर्ट्‌स कारच्या आधारे करणार आहे. इतक्या श्रीमंती वस्तूवरून धर्मविचार करावा हे कित्येकांस विचित्र वाटेल. त्या आक्षेपाचा परामर्श पुढे घेईनच.

१९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत पोर्शेची सांपत्तिक स्थिती इतकी खालावली होती की हा कारखाना स्वतंत्र राहतो की नाही याचीच शंका होती. तेव्हा वेंडेलिन वीडेकिंग यांच्या कारभारात जपानी तज्ज्ञांना पाचारण करण्यात आले, खर्चाची काटछाट झाली, आणि बॉक्स्टर व ९११ या दोन गाड्यांचे पुष्कळसे भाग समाईक ठेवून, हवेने थंड होणाऱ्या जुन्या इंजिनाच्या जागी पाण्याने थंड होणारे नवे इंजिन योजण्यात आले. या इंजिनात क्रँकशाफ्टच्या खाली इंटरमीडिएट शाफ्ट नावाचा एक दांडा असतो; क्रँकशाफ्टकडून साखळीने गती घ्यावी आणि व्हॉल्व्हची उघडझाप करणाऱ्या कॅमशाफ्टकडे दुसऱ्या साखळ्यांनी ती पोचवावी, एवढेच त्याचे काम. त्याचे गिअरबॉक्सकडचे टोक मुठीत मावेल अशा एका बेअरिंगवर टेकलेले असते, आणि दांडा तेलाच्या सान्निध्यात फिरत असला तरी हे बेअरिंग मात्र दोन्ही बाजूंनी सील करून आत ग्रीस भरून बंदिस्त केलेले असते. कालांतराने सीलमधून तेल आत झिरपते, ग्रीस धुऊन काढते, आणि स्वतः तेथेच अडकून जुने होते. मग गोळ्या झिजतात, दांडा डगमगतो, साखळ्यांचा मेळ चुकतो, व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात, आणि क्षणापूर्वी गात असलेले इंजिन भंगाराच्या मोलाचे होते. आरंभीच्या गाड्यांत या बेअरिंगमध्ये गोळ्यांच्या दोन रांगा असत. २००० च्या सुमारास एकाच रांगेचे बेअरिंग आले आणि तेच अधिक दगा देणारे ठरले. पुढे ते मोठे करण्यात आले, आणि २००९ च्या मॉडेलांच्या नव्या इंजिनात तो दांडाच उरला नाही.

ज्यांच्या गाडीत हे बेअरिंग आहे त्यांपैकी जाणते मालक एक परीक्षा करतात. ऑइल बदलताना फिल्टरचा कागदी गाभा बाहेर काढून निथळू द्यायचा, त्याच्या घड्या एकेक करून उजेडात पसरायच्या आणि त्यांवरून लोहचुंबक फिरवायचे. ॲल्युमिनियमची चमक चुंबकाला दाद देत नाही. साखळीच्या खालच्या पट्ट्यांचे तपकिरी प्लॅस्टिकचे कण बोटांनी ओळखता येतात. पण चुंबकाच्या टोकाला जर काळसर, केसाएवढ्या सळया उभ्या राहिल्या तर त्या पोलादाच्या असतात, आणि पोलाद बहुधा त्या बंदिस्त जागेतून आलेले असते. शेकडो अभियंत्यांनी वर्षानुवर्षे खपून तयार केलेल्या यंत्राच्या अंतरंगाची बातमी त्याच्या धन्याला अशा रीतीने, त्याने टाकून द्यायच्या कचऱ्यातून वेचून मिळवावी लागते, हे दृश्य मला फार बोलके वाटते.

येथे एक भेद प्रथमच स्पष्ट केला पाहिजे. बेअरिंग झिजले हा कोणाचा अधर्म नाही. जे संयोगाने झाले ते वियोगाने मोडणार, हे आपल्याकडे बौद्धांपासून वेदान्त्यांपर्यंत साऱ्यांनीच सांगितले आहे, आणि ज्या अभियंत्याने ते बंदिस्त बेअरिंग योजले त्यानेही ते सद्बुद्धीने, टिकाऊ म्हणूनच योजले असेल. अधर्म सुरू होतो तो दोष कळल्यावर पाळलेल्या मौनापासून.

हे मौन गिऱ्हाइकाला भेटते ते डीलरच्या गल्ल्यावर. काचेच्या भिंती, चकचकीत फरशी, कॉफीचा पेला, आणि समोर अतिशय नम्र असा सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर. मालक म्हणतो, सकाळी इंजिन सुरू करताना मागून खडखड ऐकू येते. तो म्हणतो, ‘या गाडीत असा आवाज असतोच, साहेब.’ वॉरंटीची मुदत संपायच्या आत हा संवाद होतो तेव्हा त्याला एक अर्थ असतो, आणि मुदत संपल्यावर तोच आवाज महागड्या दुरुस्तीचे कारण होतो तेव्हा दुसरा. तथापि त्या गल्ल्यावरच्या माणसाला सरसकट अप्रामाणिक म्हणणे अन्यायाचे होईल. हे प्रकरण जेथे न्यायालयात गेले त्या अमेरिकेत डीलर हा कारखान्याचा नोकर नसतो. तो करारनाम्याने बांधलेला स्वतंत्र व्यापारी असतो, आणि बहुतेक राज्यांचे कायदेही कारखानदाराला आपल्या डीलरांस वगळून परस्पर विक्री करण्यास मज्जाव करतात किंवा तीवर निर्बंध घालतात. वॉरंटीतल्या कामाचा मोबदला त्याला कारखान्याकडून मिळतो, तोही कारखान्याने ठरविलेल्या हिशेबाने. कोणते काम वॉरंटीत बसते याचा अखेरचा शब्दही कारखान्याचाच. म्हणजे मालकाने दाद मागावी ज्याच्याकडे त्याच्या हाती निर्णय नाही, आणि निर्णय ज्याच्या हाती तो समोर येत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट ज्ञानाच्या वाटणीची आहे. मालकाला एक इंजिन ठाऊक असते, त्याचे स्वतःचे. डीलरच्या कारागिराने अशी दहा-वीस उघडलेली असतात. परंतु कोणत्या सालची, किती मैल चाललेली, किती इंजिने याच कारणाने निकामी झाली याचा समग्र हिशेब फक्त कारखान्याच्या दप्तरात जमा होऊ शकतो. एकट्या मालकाला जो दुर्दैवाचा फेरा वाटतो तो दप्तरात नियम म्हणून दिसतो. म्हणून बोलण्याचे कर्तव्य सर्वांवर सारखे पडत नाही. ज्याला जितके अधिक दिसते त्याच्यावर ते तितके अधिक पडते, आणि ज्याला सारे दिसते त्याला ‘आम्हांस कोणी विचारले नाही’ हा बचाव उपलब्ध नाही.

आपल्या स्मृतिकारांनी या विषयाची उपेक्षा केलेली नाही. अठरा व्यवहारपदांत क्रयविक्रयाच्या पश्चात्तापाला एक स्वतंत्र पद आहे, महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात त्याचे विवेचन सापडते. खरेदी किंवा विक्री केल्यावर ज्याला पस्तावा होईल त्याने दहा दिवसांत ती फिरवावी, असे मनू म्हणतो. आणि भेसळीचा, निकस, वजनात कमी किंवा झाकून ठेवलेला माल विकू नये, असेही तो त्याच अध्यायात बजावतो. याज्ञवल्क्य त्याहून सूक्ष्मात जातो. बियाण्याच्या परीक्षेला दहा दिवस, लोखंडाला एक, ओझे वाहणाऱ्या जनावराला पाच, रत्नांना सात, दुभत्या जनावराला तीन, अशा मुदती त्याने घालून दिल्या आहेत. (त्याच यादीत दास आणि दासी यांच्याही परीक्षेच्या मुदती आहेत, आपल्या परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्याने ती ओळ गाळून पुढे जाऊ नये, ती वाचून मान खाली घालावी आणि मगच उरलेल्याचा विचार करावा.) याच स्मृतीवरील मिताक्षरा विज्ञानेश्वराने कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाने लिहिली आणि तिचे प्रामाण्य महाराष्ट्रात शतकानुशतके चालले, तेव्हा हा विचार आपल्या घरचाच आहे.

या मुदतींमागचे तत्त्व मला असे दिसते, की प्रत्येक वस्तूचा दोष उघड व्हायला त्या वस्तूच्या प्रकृतीप्रमाणे कमी-अधिक काळ लागतो आणि तितका काळ गिऱ्हाइकाला मिळाला पाहिजे. लोखंडाचा दोष ठोकताच कळतो, म्हणून त्याला एक दिवस पुरे. जनावर ओझ्याला जुंपल्यावाचून कळत नाही, म्हणून त्याला पाच. आता या गाडीला कोणती मुदत लावावी? ती लोखंडही आहे, ओझे वाहणारीही आहे, आणि तिच्या धन्याच्या लेखी रत्नही आहे. पण तिचा दोष पाच दिवसांत, सात दिवसांत काय, पाच वर्षांतही दिसेलच असे नाही. तत्त्व मान्य केले तर मुदत दोषाच्या गतीने चालली पाहिजे. आजची वॉरंटी मात्र कारखान्याच्या सोयीने चालते, आणि एका ठरलेल्या तारखेस मध्यरात्री संपते.

रोमचा सिसेरो कर्तव्यांवरील आपल्या ग्रंथात एका घराचे उदाहरण घेतो. घर रोगट आहे, लाकूड किडले आहे, निजायच्या खोल्यांतून साप निघतात, आणि हे फक्त मालकाला ठाऊक आहे. त्याने ते न सांगता विकावे काय? बॅबिलोनचा डायोजिनस म्हणतो, कायद्याने सांगणे भाग पाडले असेल तेवढे सांगावे, बाकीच्याबद्दल गप्प राहणे म्हणजे फसविणे नव्हे. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, सर्व सांगितले पाहिजे. सिसेरो शिष्याच्या बाजूने कौल देतो, आणि मीही. ज्या गोष्टीचे ज्ञान दुसऱ्याच्या हिताचे आहे ती स्वतःच्या लाभासाठी त्याच्यापासून दूर ठेवणे ही कृती आहे; तिला कृतीचा दोष लागतो, मग ओठ हलोत वा न हलोत.

आता आक्षेपाकडे वळतो. हौसेला मोल नाही, असे म्हणणारा माणूस हौसेचे मोल चुकवीत असता त्याच्याविषयी कळवळा कशाला, पोटापाण्याची गाडी ज्याची बंद पडली त्याचा विचार करा, असे पुष्कळ सज्जन म्हणतील. कळवळ्याचा प्रश्न असता तर मी त्यांच्याशी वाद घातला नसता. परंतु सत्य ही भिक्षा नव्हे की ती पात्रापात्र पाहून घालावी. याज्ञवल्क्याने ओझ्याच्या जनावराला पाच दिवस दिले आणि रत्नांना सात. रत्ने घेणारा सावकार आहे, त्याचे नुकसान झाले तर झाले, असे तो म्हणाला नाही. शिवाय ज्या घरात श्रीमंत गिऱ्हाइकाशी मौन पाळण्याची सवय लागते तेथे गरिबाशी बोलण्याची सवय राहील, हे मला संभवनीय वाटत नाही.

आणि ही गाडी सदैव श्रीमंताकडेच राहते असेही नाही. दहा-पंधरा वर्षांनी तिची किंमत उतरते आणि आयुष्यभर तिची आस बाळगलेला एखादा शिक्षक किंवा कारकून, साठवलेल्या पैशातून ती दुसऱ्या-तिसऱ्या हाताने घेतो. या बेअरिंगबद्दल अमेरिकेत मालकांनी सामुदायिक फिर्याद केली आणि कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयापुढे २०१३ मध्ये तडजोड झाली. पोर्शेने दोष पदरी घेतला नाही, पण २००१ ते २००५ या मॉडेलांच्या ठरावीक गाड्यांबाबत, गाडी वापरात आल्यापासून दहा वर्षे किंवा १,३०,००० मैल यांच्या आत नुकसान झाले असल्यास भरपाई कबूल केली. गाडी नवी घेणाऱ्यास, किंवा कारखान्याच्या प्रमाणपत्रासह जुनी घेणाऱ्यास, पूर्ण खर्चापर्यंत. इतर जुनी घेणाऱ्यास पंचवीस टक्क्यांपर्यंत. कायद्याच्या दृष्टीने हे समजण्यासारखे आहे, कारण दुसऱ्या धन्याचा कारखान्याशी करार नव्हता. धर्माच्या दृष्टीने मात्र ते मला पटत नाही. जमिनीवरचा बोजा जसा सातबाऱ्यावर चढतो आणि जमीन कोणाच्याही नावे झाली तरी तिच्याबरोबर जातो, तसा वस्तूतील दोष आणि तो सांगण्याचे ऋण ही वस्तूबरोबर जातात; बेअरिंगला धनी बदलल्याची खबर नसते.

असे वागणे अशक्य नाही, हे त्याच कारखान्याने दाखवून दिले आहे. २०१४ च्या आरंभी ९११ जीटी३ या नव्या गाडीची दोन वाहने युरोपात आगीत सापडली. पोर्शेने तोवर सोपविलेल्या सर्व गाड्यांच्या मालकांस त्या चालवू नका असे कळविले, शोध घेतला, कनेक्टिंग रॉडचा बोल्ट सैल होतो असे आढळल्यावर तसे जाहीर केले, आणि मार्च महिन्यात सर्वच्या सर्व ७८५ गाड्यांची इंजिने बदलून देण्याचे ठरविले. जळाल्या होत्या दोन. उरलेल्या ७८३ धन्यांपैकी कित्येकांची गाडी कदाचित कधीच बिघडली नसती. आग डोळ्यांना दिसते आणि तिच्यात जीव जाऊ शकतो, म्हणून ही तत्परता, असे कोणी म्हणेल. ते बव्हंशी खरेही असेल. तरीही दप्तरातले ज्ञान दप्तरात न ठेवता ज्याचे त्याला पोचते केले, ही गोष्ट मी मोलाची मानतो, आणि बेअरिंगच्या प्रकरणात तिची उणीव अधिक तीव्रतेने जाणवते ती याचमुळे.

राहता राहिला मालक स्वतः. फिल्टरच्या घड्या उलगडून पाहणाऱ्या या माणसाची मालकी मला दस्तऐवजावर सही करणाऱ्याच्या मालकीहून खरी वाटते, कारण जे आपले आहे ते जाणण्याचा भार त्याने उचलला आहे. पण जाणणे येताच सांगणेही येते. एके दिवशी तोही विक्रेता होतो. काल जो डीलरच्या मौनावर संतापला होता त्याच्यासमोर आज एक उत्सुक तरुण उभा असतो, गाडीच्या पाठीवरून हात फिरवीत असतो, आणि बेअरिंगचा विषय काढण्याइतकी त्याला माहिती नसते. अशा वेळी प्रामाणिक मालक त्याला हे सांगतो: बेअरिंग मूळचे आहे की बदललेले, बदलले असेल तर किती मैलांवर आणि कोणाकडून, त्याची पावती, मूळचे असेल तर ते बदलायला गिअरबॉक्स, क्लच आणि फ्लायव्हील उतरवावे लागतात, तेव्हा क्लचच्या कामाबरोबरच ते करून घेणे स्वस्त पडते, गाडी २००६ ते २००८ च्या मॉडेलची असेल तर मोठे बेअरिंग इंजिन उकलल्याखेरीज निघतच नाही, आणि मागच्या वेळी फिल्टरमध्ये चुंबकाला काय लागले होते. मग त्या तरुणाला घरी जाऊन विचार करायला तो चार दिवस देतो.