आकाशातील वाटा आणि आपले पाचारण

दहावी-बारावीचे निकाल लागले की धर्मग्रामातील घराघरांत एकाच प्रश्नाची चर्चा सुरू होते: मुलाने पुढे काय करावे, मुलीने काय करावे? एके काळी शिक्षक, परिचारिका, बँक, रेल्वे अशा चार-पाच वाटांवर हा प्रश्न मिटत असे. आता त्यांत वैमानिकाच्या पेशाची भर पडली आहे, आणि तो केवळ धनिकांच्या मुलांचा छंद राहिलेला नाही. वैमानिक व्हावे की नाही यावर घरात वाद होतोच. पण खरा पेच त्यानंतरचा असतो. वायुदलात जावे, प्रवासी विमान कंपनीत जावे, प्रशिक्षक होऊन विद्यार्थी घडवावेत, की रुग्णांना नेणारे विमान चालवावे? हा प्रश्न पैशाचा आहे, आवडीचाही आहे. परंतु तो नीतीचा प्रश्न आहे का? आणि असल्यास कोणत्या अर्थाने? या लेखात आम्ही त्याचाच विचार करणार आहोत.

प्रथम वाटा पाहू. आमच्या छत्रपती संभाजीनगरात १९७७ पासून महाराष्ट्र शासनाची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था आहे. दहावीनंतर निवडलेल्या मुलांना तेथे दोन वर्षे अकरावी-बारावीच्या अभ्यासाबरोबरच राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या परीक्षेसाठी तयार केले जाते. मुलींसाठी अशीच संस्था २०२३ मध्ये नाशिकला सुरू झाली. प्रबोधिनीची दारे तर मुलींना २०२२ मध्येच उघडली होती. खडकवासल्याची तीन वर्षे, त्यानंतर हैदराबादजवळील दुंडीगल येथील वायुदल अकादमी, असा हा मार्ग आहे. त्याचा खर्च सरकार करते. मोबदला म्हणून मागितले जाते ते आयुष्य: कोठे राहावे, केव्हा उडावे, कशासाठी उडावे हे ठरवण्याचा अधिकार तेथे वैमानिकाकडे उरत नाही.

दुसरी वाट नागरी विमानसेवेची. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित, वैद्यकीय तपासणी, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या परीक्षा आणि किमान २०० तासांचे उड्डाण, एवढे झाले की व्यावसायिक परवाना मिळतो. गोंदिया, बारामती, धुळे येथे हे शिक्षण मिळते. खर्च मात्र ५० लाखांच्या घरात जातो, आणि परवान्यानंतर विशिष्ट जातीच्या विमानाचे प्रशिक्षण घ्यायचे तर आणखी काही लाख. एवढे करूनही नोकरी हातात असतेच असे नाही. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेजची विमाने जमिनीवर आली तेव्हा वर्षानुवर्षे उडालेल्या वैमानिकांचेही पगार थकलेले होते. बुरूज बांधू इच्छिणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, हा प्रभूने सांगितलेला दाखला अशा वेळी व्यासपीठावरून सांगण्यापेक्षा जेवणाच्या टेबलापाशी सांगणे अधिक उपयोगाचे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पुष्कळ श्रद्धाळू घरांत एक समज खोलवर रुजलेला असतो. पाचारण म्हणजे धर्मगुरू किंवा धर्मभगिनी होणे. बाकी सारे पोटापाण्याचे व्यवसाय. या समजुतीनुसार वायुदल काय आणि विमान कंपनी काय, देवाच्या दृष्टीने सारखेच, कारण दोन्ही देवाच्या दृष्टीआडच आहेत. ही समजूत चुकीची आहे, आणि तिचे खंडन ज्या संताने केले त्याच्याच नावाने आमच्या धर्मप्रांताचे कॅथेड्रल उभे आहे. संत फ्रान्सिस द सेल्स यांनी १६०९ मध्ये भक्तिजीवनावर जो ग्रंथ लिहिला, त्यात भक्ती ही मठाच्या भिंतींआड कोंडून ठेवण्याची वस्तू नव्हे, हे त्यांनी आग्रहाने मांडले. सैनिक, कारागीर, दरबारी, गृहिणी, प्रत्येकाची भक्ती त्याच्या त्याच्या अवस्थेला साजेशी असावी, असे त्यांचे सांगणे होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने पुढे तेच तत्त्व अखिल ख्रिस्तसभेपुढे ठेवले. ख्रिस्तसभेने वैमानिकाकडे तर विशेष मायेने पाहिले आहे. पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी १९२० मध्ये लोरेटोच्या मातेला विमानप्रवाशांची आश्रयदात्री म्हणून जाहीर केले. तेव्हा विमानाचा शोध लागून सतरा वर्षेही झाली नव्हती.

मग सर्वच वाटा पवित्र असतील, तर निवडीला अर्थ काय? चिठ्ठी टाकून का ठरवू नये? येथेच विचाराची खरी कसोटी लागते. पाप आणि पुण्य यांतली निवड कठीण असते, पण अंधुक नसते. आपण चुकतो तेव्हाही कोठे चुकलो हे बहुधा आपल्याला कळत असते. दोन चांगल्या गोष्टींपैकी एक निवडताना मात्र कोणताही नियम आपल्यासाठी उत्तर लिहून ठेवत नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी विवेकाला नैतिक सद्गुणांत अग्रस्थान दिले ते याचसाठी. चांगले हेतू अनेकांकडे असतात; त्या हेतूंकडे नेणारी आपली वाट कोणती, हे पाहण्याची दृष्टी विवेक देतो.

या विवेकाची रीत आपल्याला संत इग्नेशियस यांच्याकडून शिकता येते. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय जायबंदी झाला आणि लॉयोलाच्या घरी त्यांना महिनोन्महिने पडून राहावे लागले. पराक्रमाची आणि दरबारी मानमरातबाची स्वप्ने ते रंगवीत. मग संतांचे अनुकरण करण्याचीही रंगवीत. रंगवताना दोन्ही गोड वाटत. परंतु पहिली संपली की मन कोरडे पडे, दुसरी संपल्यावरही प्रसन्नता टिकून राही. या साध्या निरीक्षणातून त्यांचे सारे निवडीचे शास्त्र वाढले. गणवेश, खांद्यावरच्या पट्ट्या, परदेशचे मुक्काम यांचे चित्र कोणत्याही तरुणाला सुखावते, आणि त्यात गैर काही नाही. प्रश्न असा की ते चित्र मिटल्यावर, पहाटे तीन वाजता उठून कामावर जाण्याच्या कल्पनेनंतरही, मन प्रसन्न राहते का?

इग्नेशियस आणखी एक गोष्ट बजावतात. माणसे आधी साधन निवडतात आणि मग त्यात साध्य बसवू पाहतात. आधी वैभव ठरते, मग त्या वैभवात देवाची सेवा कशी करावी याचा विचार होतो. क्रम उलटा हवा. याचा अर्थ पगाराचा विचार करू नये असा मुळीच नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांच्या १९८१ च्या श्रमविषयक परिपत्रकात कुटुंबाचा निर्वाह होईल असे वेतन हा न्यायाचा विषय मानला आहे. आईवडिलांचे कर्ज फेडावे, धाकट्या बहिणीला शिकवावे म्हणून चांगल्या पगाराची वाट निवडणारा मुलगा लोभी नव्हे. तो चौथी आज्ञा पाळत असतो. पैसा हे कारण असू शकते. ते एकमेव कारण आहे का, एवढेच स्वतःला प्रामाणिकपणे विचारावे.

वायुदलाच्या वाटेवर आणखी एक प्रश्न उभा असतो, आणि पालक तो कुजबुजत का होईना विचारतात: ख्रिस्ती माणसाने शस्त्र वाहणारे विमान चालवावे का? व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये याचे दुहेरी उत्तर दिले. देशाच्या सेवेतील सैनिकाने स्वतःला लोकांच्या सुरक्षिततेचा व स्वातंत्र्याचा सेवक मानावे, असे ती सांगते. आणि त्याच ठिकाणी शहरेच्या शहरे रहिवाशांसह उद्ध्वस्त करणे हा देवाविरुद्ध व मानवाविरुद्ध अपराध ठरवते. या दोन विधानांमधली जागा किती अरुंद आहे, हे लिओनार्ड चेशर यांच्या आयुष्यात दिसते. दुसऱ्या महायुद्धातील ते नामवंत ब्रिटिश बॉम्बर वैमानिक, व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी. ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवर अणुबॉम्ब पडला तेव्हा निरीक्षक म्हणून ते दुसऱ्या विमानात होते. पुढे ते शांततावादी झाले नाहीत. परंतु १९४८ मध्ये ते कॅथलिक झाले आणि त्याच वर्षी एका मरणोन्मुख माणसाला आपल्या घरी आणून त्याची शुश्रूषा करता करता अपंगांसाठी आश्रमगृहांचे कार्य उभे राहिले. १९५० च्या दशकात ते कार्य मुंबईत अंधेरीला पोहोचले. १९५९ मध्ये मुंबईच्याच कॅथेड्रलमध्ये त्यांचा स्यू रायडर यांच्याशी विवाह झाला. जर्मनीचे फादर पॉल शुल्टे हेही पहिल्या महायुद्धातले वैमानिक. आफ्रिकेतील मिशनमध्ये त्यांचा मित्र वाहनाअभावी उपचारांविना मरण पावला, आणि त्यातून १९२७ मध्ये मिशनऱ्यांना वाहने व विमाने पुरवणारी संस्था त्यांनी स्थापली. ही दोन चरित्रे एक दिलासा देतात: अठराव्या वर्षी निवडलेली वाट म्हणजे आयुष्याचा शेवटचा शब्द नव्हे.

तरीही निवडीची एक कसोटी आम्हांला इतर सर्वांहून महत्त्वाची वाटते, आणि तिची आठवण आमच्या शहराला वेगळी करून द्यावी लागत नाही. २६ एप्रिल १९९३ रोजी दुपारी चिकलठाण्याहून मुंबईला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग विमान धावपट्टीपलीकडच्या बीड रस्त्यावर कापसाच्या गाठी नेणाऱ्या ट्रकला धडकले. त्यातील ११८ जणांपैकी ५५ जण दगावले. चौकशीत विमान उचलण्यातला उशीर दिसला, तशीच रस्त्यावरची वाहतूक रोखण्याच्या व्यवस्थेतली हयगयही दिसली. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोझिकोडला पावसात उतरताना एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान धावपट्टीपुढे कोसळले. २१ जण मरण पावले. त्यांत कॅप्टन दीपक साठे होते. वायुदलात दोन दशके, मग चाचणी वैमानिक, मग प्रवासी विमानसेवा, अशा या पेशाच्या तिन्ही वाटा ते चालले होते. २०२१ च्या चौकशी अहवालाने उतरण्याचा प्रयत्न न सोडणे ही चूक मानली. पण दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या उड्डाणाची ओढ आणि त्या तळावर कॅप्टनांची अपुरी संख्या यांचीही त्यात नोंद आहे. मृतांचा न्याय करणे हे आमचे काम नव्हे. परंतु वैमानिकाच्या हाताशी असलेला सर्वांत मोठा नैतिक निर्णय कोणता, हे या नोंदींवरून कळते. तो निर्णय म्हणजे 'नाही' म्हणणे: आज उडणार नाही, आता उतरणार नाही, थकलो आहे, पुन्हा वर जातो.

म्हणून मुलामुलींना आम्ही सुचवतो: जी वाट तुम्हांला योग्य वेळी 'नाही' म्हणण्याइतके मोकळे ठेवील, ती आपली समजावी. ज्याने घर, शेत आणि बहिणीचे लग्न सारेच परवान्यासाठी गहाण टाकले, त्याला हा शब्द उच्चारणे जड जाते. वायुदलात आज्ञापालनाची शपथ असते, म्हणून तेथे जाणाऱ्याने आपली सद्सद्विवेकबुद्धी आधीच घडवून न्यावी. रणांगणावर ती घडवायला सवड नसते. प्रशिक्षकाच्या वाटेला मान कमी आणि पगारही कमी मिळतो, पण पुढच्या पिढीला 'नाही' म्हणायला तोच शिकवतो.

येथे कोणी म्हणेल, हे मोकळेपण ही चैन आहे; गरिबाच्या मुलाला कर्ज काढल्यावाचून उडता येत नाही, मग त्याने जमिनीवरच राहायचे का? हा आक्षेप खरा आहे आणि त्याला उपदेशाने उत्तर देता येत नाही. एकट्या माणसाकडून धैर्याची अपेक्षा करणारा समाज स्वतः मात्र स्वस्त तिकीट आणि वेळेवरचे विमान मागतो. वैमानिकांना आठवड्याला ४८ तासांची सलग विश्रांती देणारे नियम झाले तेव्हा २०२५ च्या डिसेंबरात देशातील सर्वांत मोठ्या विमान कंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली, आणि त्या कंपनीला काही नियमांतून तात्पुरती सूट द्यावी लागली. विमानतळांवर अडकलेल्या प्रवाशांचे हाल खरेच होते. पण संतापताना आपल्यापैकी कितीजणांनी विचारले की विश्रांतीचा नियम पाळता येऊ नये इतकी माणसे कमी का होती? शब्बाथ हा माणसासाठी आहे, हे आपण मंदिरात ऐकतो, विमानतळावर विसरतो. म्हणून हुशार पण गरीब मुलाला धर्मग्रामाने, पतपेढीने, सुस्थितीतील नातलगांनी हात द्यावा. त्याचे कर्ज हलके झाले की केवळ त्याचे भवितव्य उजळत नाही. त्याच्या मागे बसणाऱ्या दीडदोनशे अनोळखी माणसांचा प्रवासही अधिक सुरक्षित होतो.

आईवडिलांना शेवटी एवढेच सांगावेसे वाटते. इग्नेशियस यांनी निवड करणाऱ्यासाठी एक युक्ती दिली आहे: ज्याला आपण कधी पाहिले नाही, पण ज्याचे कल्याण व्हावे असे मनापासून वाटते, असा माणूस आपल्या जागी आहे असे समजा, त्याला काय सल्ला द्याल? तोच सल्ला स्वतः घ्या. पालकांनी ही युक्ती उलटी करून पाहावी. आपल्या मुलाला क्षणभर परका समजावे. त्याच्या गणवेशातला आपला अभिमान, शेजाऱ्यांना सांगायची गोष्ट, आपली राहून गेलेली हौस हे सारे बाजूला ठेवावे, आणि मग विचारावे की या परक्या पोराचे भले कशात आहे. उत्तर आले की ते त्याला सांगावे, आणि निर्णय त्याला घेऊ द्यावा. कॉकपिटमध्ये तो एकटा निर्णय घेणार आहे. त्याची सवय घरातूनच लागलेली बरी.